मुखपृष्ठावरची तरलान

पाकीट आलं तेव्हा माहीनदुख्त स्वयंपाकघरात चादर अंथरून पालेभाजी निवडत बसली होती. नवरोजचे पाहुणे एकदाचे संपले होते आणि सासूबाईंना, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या अझीझना, आंबट तरेह, म्हणजे पाल्याचं कालवण, खायची इच्छा झाली होती. त्यांची इच्छा म्हणजे पाच तऱ्हेच्या पाल्याचा ढीग आणि एका बाईची कंबर. माहीनदुख्तने ओले हात परकराला पुसले आणि पाकीट फाडलं.

आत तेहरानच्या प्रकाशकाने पाठवलेला मुखपृष्ठाचा नमुना होता. गुलाबी. त्यावर एक पाठमोरी मुलगी, केसांवरून ओढणी घसरत चाललेली, पण परवानगी मिळेल इतपतच. वर सोनेरी अक्षरांत कादंबरीचं नाव, ‘सातव्या पोळ्यापाशी’. खाली लेखिकेचं नाव, तरलान मेहरआरा.

तिने पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. शहर रश्त, गल्ली बरोबर, घर नंबर बरोबर. कादंबरीचं नावही तिनेच दिलेलं. मधमाश्या पाळणारा एक अबोल पुरुष आणि चाळिशीची शाळामास्तरीण यांची प्रेमकथा, तिनेच चौदा महिने या स्वयंपाकघरात बसून लिहिलेली. सगळं बरोबर होतं, फक्त लिहिणारी बाई भलतीच होती.

“ईरज,” तिने बाहेरच्या खोलीत हाक दिली, “ही तरलान कोण?”

तिचा नवरा ईरज शफ्ती शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून घरातली चालू यंत्रं उघडून बसायचा. आज रेडिओची पाळी होती.

“कुठली तरलान?”

“माझ्या पुस्तकावर येऊन बसलीये ती.”

ईरज हातातला पेचकस न ठेवता आला. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्याने नमुना वाचला, उलटवून मागची कोरी बाजूही वाचली. मग म्हणाला, “छपाई मात्र सुरेख आहे.”

माहीनदुख्तने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे नुसतं पाहणं तिने बरंच कमावलं होतं.

खरं सांगायचं तर चूक कुठे झाली ते तिला पाच मिनिटांत आठवलं, आणि आठवल्यावर तर ती जास्तच चिडली. हिवाळ्यात करारावर सही करायला दोघं तेहरानला गेली होती. प्रकाशक आगा नीकपे, म्हणजे नीकपेसाहेब, साठीचे, मधासारखं बोलणारे गृहस्थ. त्यांनी लेखणी उचलून विचारलं होतं, “खानम, मुखपृष्ठावर नाव काय घालू या?”

आणि ती म्हणाली होती, “माझं नाव ते काय, आगा. तुम्ही जाणकार, तुम्हाला शोभेल ते घाला.”

आता यात तिचं काय चुकलं? चांगल्या घरातली बाई आणखी काय म्हणेल? भाजीवालासुद्धा आपण पैसे देताना ‘राहू द्या, तुमचंच दुकान आहे’ म्हणतो, म्हणून कोणी पिशवी उचलून चालू पडत नाही. आपण आग्रह करायचा, त्याने पुन्हा नको म्हणायचं, तिसऱ्या खेपेला त्याने मान खाली घालून पैसे घ्यायचे. तारूफ म्हणतात तो हाच. नीकपेंनी म्हणायला हवं होतं, ‘असं कसं, खानम, तुमचं नाव हेच तर पुस्तकाचं भूषण.’ तिने पुन्हा नको म्हटलं असतं. त्यांनी पुन्हा म्हटलं असतं. मग तिने मान खाली घालून सांगितलं असतं, ‘बरं, तुम्ही म्हणताच आहात तर. माहीनदुख्त खोमामी. खोमामी, नवऱ्याचं शफ्ती नव्हे.’ हे वाक्य तिने जाताना बसमध्ये मनाशी म्हणूनही पाहिलं होतं.

पण तिच्या पहिल्या नकारानंतर त्यांचा फोन वाजला. कागदवाल्याशी पंधरा मिनिटं बोलून ते परत आले आणि थेट पुढच्या कलमावर गेले. आणि वहीत, आता तिला कळत होतं, त्यांनी टिपून ठेवलं असणार की नावाबाबत लेखिकेची हरकत नाही.

या नावासाठी तिने काय काय सोसलं होतं ते घरात कुणाच्या गावी नव्हतं. पुस्तकांना परवाना देणाऱ्या सरकारी ऑफिसातून दुरुस्त्यांची यादी आली होती, सदतीस कलमांची. पान अठ्ठ्याऐंशी, नायिका दार उघडते तेव्हा डोक्यावर काही आहे की नाही ते स्पष्ट नाही. पान एकशे एक्केचाळीस, दोघं लिफ्टमध्ये एकटी आहेत, तिसरी व्यक्ती घालावी. पान दोनशे तीन, हृदयाची धडधड कमी करावी. तिने मुकाट्याने ओढणी घातली, धडधड निम्म्यावर आणली आणि लिफ्टमध्ये नळ घेऊन निघालेला एक प्लंबर उभा केला. प्रेमात पडलेली दोन माणसं सहा मजले प्लंबरकडे बघत वर गेली. हे सगळं तिने केलं ते का? दारावरच्या घंटेखाली शफ्ती लिहिलेलं, मुलाच्या शाळेत ती कावेची आई, दुकानात शफ्तीमास्तरांची खानम, अझीझच्या मैत्रिणींत ‘आमची सून’. तिला एक वस्तू हवी होती जिच्यावर तिचं पूर्ण नाव असेल, आणि ती वस्तू थडगं नसावी.

संध्याकाळी अझीझ जेवायला बसल्या तेव्हा तिची नणंद तूबाही येऊन टपकली. तरेहचा वास तिला दोन गल्ल्यांवरून येतो. मुखपृष्ठ हातोहात फिरलं.

“बरंच झालं की,” अझीझ म्हणाल्या. “प्रेमाबिमाच्या गोष्टी. त्यावर आपल्या घरातलं नाव कशाला?”

“घरातलं नाही, अझीझ, माझ्या वडिलांचं.”

“तेही सज्जन होते बिचारे.”

तूबाने भाताचा घास गिळून विचारलं, “ती कंजूष आत्या ठेवलीयेस का अजून त्यात? जी पाहुण्यांसमोर बदाम मोजते?”

“ती तू नाहीस, तूबा.”

“मी कुठे म्हटलं मी आहे? मी बदाम मोजत नाही. मी पिस्ते मोजते, ते महाग असतात.” तिने नमुना पुन्हा पाहिला. “तरलान बाकी छान वाटतं गं. वीस वर्षांची वाटते. तुझं नाव ऐकलं की गुडघेदुखीचं मलम आठवतं.”

ईरज हसला. मग बायकोचा चेहरा पाहून त्याने हसण्याचं खोकल्यात रूपांतर केलं आणि उदारपणे म्हणाला, “मी बोलतो उद्या नीकपेंशी. पुरुषाने फोन केला की काम होतं.”

दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला. माहीनदुख्त समोर उभी राहून ऐकत होती. तब्येत विचारून झाली, मुलाबाळांची विचारून झाली, रश्तच्या पावसाची आणि तेहरानच्या धुराची विचारून झाली. नीकपे म्हणाले असावेत की आपल्यासारख्या शिक्षकांमुळेच देश उभा आहे, कारण ईरजचे कान लाल झाले. मग अकराव्या मिनिटाला नावाचा विषय निघाला, आणि तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं, तिचा नवरा म्हणत होता, “नाही नाही, आगा, आमची काय तक्रार असणार. तुम्हाला योग्य वाटेल तेच योग्य.”

फोन ठेवून ईरज म्हणाला, “फार सभ्य माणूस.”

“नावाचं काय झालं?”

“ते म्हणाले, खानमचा हुकूम डोळ्यांवर.”

“म्हणजे?”

ईरजने पेचकस उचलला. “म्हणजे... डोळ्यांवर.”

मग तिने स्वतः फोन केले. आठवड्यात तीन. प्रत्येक वेळी नीकपे म्हणाले, “खानम, ही संस्था तुमचीच आहे, मी तुमचा सेवक.” पहिल्या फोननंतर काही झालं नाही. दुसऱ्यानंतर गुलाबीऐवजी जांभळा नमुना आला, वर तरलान जशीच्या तशी. तिसऱ्या फोनवर तिने आवाज चढवायचं ठरवलं होतं, पण त्यांनी आधीच अझीझच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि तिच्या तोंडून सवयीने निघालं, “तुमच्या कृपेने बरे आहेत.” एकदा कृपा म्हटल्यावर पुढे भांडणार कसं? फोन ठेवून ती बराच वेळ स्वतःवरच धुसफुसत भांडी घासत राहिली. ज्या बाईने तीनशे वीस पानं दुसऱ्यांच्या तोंडी रोखठोक संवाद घातले तिला स्वतःचं एक वाक्य धड बोलता येऊ नये, याची तिला शरमही वाटली आणि चीडही आली.

वसंतातला पुस्तकमेळा तीन आठवड्यांवर आला होता. सोमवारी सकाळी तिने ईरजसाठी दोन दिवसांची भाजी करून ठेवली, अझीझना तूबाच्या हवाली केलं आणि एकटीने तेहरानची बस धरली. पाच तासांच्या प्रवासात तिने एकच गोष्ट ठरवली. आज तो माणूस तोंडाने जे जे देईल ते ते पहिल्याच शब्दाला घ्यायचं.

नीकपेंचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं, पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत जावं लागे. ते नुकतेच डबा उघडून बसले होते. घमघमीत वासाचा केशरी भात, वर कबाबच्या दोन कांड्या, भाजलेला टोमॅटो.

“खानम खोमामी. केवढा मान दिलात. या, बसा, जेवू या.”

हे तर कोणीही म्हणतं. बसमध्ये अनोळखी माणूस सफरचंद कापताना शेजाऱ्यापुढे धरतो, शेजारी ‘गोड लागो तुम्हाला’ म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो. माहीनदुख्तने खुर्ची ओढली, डब्याचं झाकण ताटलीसारखं पुढ्यात घेतलं आणि म्हणाली, “बरं झालं. सकाळपासून काही खाल्लं नाही.”

नीकपेंचा चमचा हवेत राहिला. मग त्यांनी एक कबाब तिच्या झाकणात ठेवला, आणि तिने भाताकडे पाहिल्यावर भातही वाढला. दोघं जेवली. असं जेवण तिने आयुष्यात केलं नव्हतं, घास घशाखाली उतरताना लाजेने कानाच्या पाळ्या तापत होत्या. पण तिने टोमॅटोही घेतला.

“आता नावाचं बोलू,” तोंड पुसून ती म्हणाली.

“तुमचा हुकूम डोळ्यांवर.”

“तो डोळ्यांवरून कागदावर उतरवा. इथे, माझ्यासमोर.”

नीकपेंनी डबा बंद केला. त्यांचा मधाळपणा जरा बाजूला झाला आणि त्यामागे एक थकलेला धंदेवाईक माणूस दिसला. तो तिला पहिल्यापेक्षा बरा वाटला.

“खानम, स्पष्ट सांगू?”

“आज सगळं स्पष्टच सांगा.”

“परवाना तरलानच्या नावाने आलाय. नाव बदलायचं म्हणजे नवा अर्ज. नवा माणूस वाचणार, नवी यादी काढणार. मेळा हुकणार हे नक्की. शरद ऋतूपर्यंत पुस्तक येईल, किंवा येणारच नाही. मागच्या खेपेचा वाचणारा मवाळ होता. त्याने तुमची सदतीसच कलमं काढली.”

“मवाळ?”

“साठ-साठ पाहिलीत मी. आणि विक्रीचं म्हणाल, तर मुली नावावरून पुस्तक उचलतात. माहीनदुख्त म्हटलं की त्यांना वाटतं लोणच्याच्या कृती असतील. तरलानचा खप ठरलेला आहे.”

“ठरलेला कसा? तिचं तर हे पहिलंच पुस्तक.”

नीकपेंनी टेबलावरचा कागद सरळ केला, तो आधीच सरळ होता. “चौथं. ते नाव संस्थेचं आहे, खानम. आधी दोघीजणींनी त्या नावाने लिहिलंय. एक आता कॅनडाला असते, दुसरीला जुळं झालं.”

माहीनदुख्तला हे समजायला जरा वेळ लागला. म्हणजे तिचा मधमाशीवाला, त्याची ती सुजलेली बोटं, नायिकेने पाठवलेली आणि त्याने न उघडता जपलेली पत्रं, हे सगळं तरलानच्या खात्यात जाणार, आणि वाचणाऱ्या मुलीला ते आवडलं तर ती दुकानात जाऊन तरलानचं पुढचं पुस्तक मागणार, जे आणखी कुणीतरी लिहिलेलं असेल.

“आणि पुढचं पुस्तक मला माझ्या नावाने लिहावंसं वाटलं तर?”

“तर तुम्ही नव्या लेखिका. पुन्हा पहिल्यापासून.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा भोंगा दाबून धरला होता. तिला अझीझची आठवण झाली, ‘आपल्या घरातलं नाव कशाला’. तूबाच्या दिराच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, तिथे सगळ्या बायका विचारणार होत्या, कुठे आहे पुस्तक? चौदा महिने लिहिणं, त्यावर हिवाळाभर परवान्याची वाट. आज हो म्हटलं तर तीन आठवड्यांत ते मेळ्यात मांडलेलं असेल. नाही म्हटलं तर कदाचित कधीच नाही. बावन्न वर्षांच्या बाईला ‘कदाचित’ हा शब्द परवडत नाही. तिचा जीव खरोखर दोन्हीकडे ओढला गेला.

“एक विचारू?” नीकपे हळू आवाजात म्हणाले. “हिवाळ्यात मी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“सांगणारच होते. तुमचा फोन वाजला. तुमचं मला आणखी दोनदा विचारायचं राहिलं.”

नीकपेंना ते पटलं, हेच तर वाईट होतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “खरंय. माझंच चुकलं.”

“तर आता पहिल्याच खेपेला सांगते,” माहीनदुख्त म्हणाली. “नवा अर्ज करा. मी थांबते.”

“नीट विचार करा, खानम.”

“हे दुसऱ्यांदा. अजून एकदा विचारलंत तरी उत्तर तेच आहे.”

त्यांनी कागद ओढला. तिने एकेक अक्षर सांगून नाव लिहवून घेतलं, खाली तारीख आणि सही घेतली, आणि निघताना ते सवयीने म्हणाले, “टॅक्सी मागवू का स्थानकापर्यंत?” तेव्हा ती म्हणाली, “मागवा.”

पुढचे सात महिने काही ती हसतमुखाने जगली नाही. लग्नात बायकांनी विचारलंच. तूबाने परस्पर उत्तर दिलं, “आमच्या लेखिकाबाईंचं पुस्तक वाटेत आहे, बहुतेक पायी येतंय.” नवी यादी आली, एकोणपन्नास कलमांची. पत्रांचं प्रकरण निम्मं गेलं. नव्या वाचणाऱ्याने विचारलं होतं की लिफ्टमधल्या प्लंबरचं पुढे काय होतं ते लेखिकेने सांगितलेलं नाही. माहीनदुख्तने वही आपटली, रडली, मग प्लंबरचं लग्न लावून दिलं. ईरजने पानं टाइप करून दिली आणि दर पानाला एक सूचना केली. तिने त्यातली एकही घेतली नाही, तरी दर सूचनेनंतर त्याला चहा दिला. एकदा मात्र तोच म्हणाला, “तेव्हा तरलान चालवून घेतली असतीस तर आज सुटली असतीस.” त्या दिवशी चहा मिळाला नाही.

शरदात, खुरमाळूची फळं झाडांवर पिकली तेव्हा, पुस्तक आलं. प्रकाशकाने पाठवलेल्या दहा प्रती घरी पोचल्या, पण घरातल्या प्रती म्हणजे घरातल्याच. तिला ते दुकानात पाहायचं होतं. बाजारातून मासळी आणि दोन किलो खुरमाळू घेऊन ती नगरपालिकेच्या चौकाजवळच्या पुस्तकाच्या दुकानात शिरली आणि मागच्या मांडणीपाशी उगीच रेंगाळत उभी राहिली.

पुस्तक होतं. मुखपृष्ठ जांभळंच, पण खाली माहीनदुख्त खोमामी. शेजारी तरलान मेहरआराचं नवं पुस्तक, चांगलं जाडजूड. कॅनडावाली नाही, जुळंवाली नाही, कोण जाणे कोण.

एक विशीतली मुलगी आली, खांद्याला कॉलेजची पिशवी. तिने जांभळं पुस्तक उचललं, नाव वाचलं, नाक मुरडलं, खाली ठेवलं आणि तरलान उचलली.

माहीनदुख्तने मनाशी दहा आकडे मोजायचं ठरवलं होतं. चारवर ती म्हणाली, “ते का ठेवलंस?”

“अं? काही नाही, खानम. लेखिका म्हातारी वाटते.”

“बावन्नची आहे.”

“तुम्ही ओळखता?”

“मीच आहे.”

मुलीने तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या माशाच्या शेपटीकडे पाहिलं, आणि वडीलधाऱ्यांची थट्टा सहन करावी तशी हसली. “हो का?”

एवढ्या वर्षांत माहीनदुख्तने बँकेखेरीज कुणाला आपलं ओळखपत्र दाखवलं नव्हतं. तिने पिशवी जमिनीवर ठेवली, पर्स उपसली, औषधांच्या चिठ्ठ्या, किल्ल्या, ईरजच्या रेडिओचा एक स्क्रू बाहेर काढला आणि शेवटी कार्ड मुलीपुढे धरलं. मुलीने एका हातात कार्ड आणि दुसऱ्यात पुस्तक घेऊन अक्षर अन् अक्षर जुळवलं. मग फोटो पाहिला, मग चेहरा.

“खरंच की,” ती म्हणाली. “मग एखादं छानसं नाव घ्यायचं ना, खानम. बाकीच्या घेतात.”

“हे काय वाईट आहे?”

मुलीने पुस्तक मधूनच उघडलं आणि उभ्या उभ्या वाचू लागली. पान उलटलं. आणखी एक उलटलं. माहीनदुख्त मासळीची पिशवी पुन्हा उचलून उभी होती, पिशवीतून पाणी ठिबकत होतं आणि दुकानदार तिकडे बघत होता, पण ती हलली नाही.

“हा पत्रं उघडतच नाही?” मुलीने मान वर न करता विचारलं.

“वाच पुढे.”

मुलीने तरलान मांडणीवर परत ठेवली, तीही उलटी. मग कॉलेजच्या पिशवीतून पेन काढून पुस्तकाचं पहिलं कोरं पान पुढे केलं. “सही द्या. आणि लवकर हं, माझी बस आहे.”

माहीनदुख्तने पेन घेतलं. सही म्हणजे तिची ती बँकेतली वळवळ, ती इथे उपयोगाची नव्हती. मांडणीच्या कडेवर पुस्तक टेकवून ती हजेरीपटावर लिहावं तसं ठसठशीत, एकेक अक्षर लिहू लागली. मुलगी घड्याळाकडे बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

“झालं ना, खानम?”

“थांब जरा,” माहीनदुख्त म्हणाली, “आडनाव राहिलंय.”